शेंगाचटणीचं पथ्य

"आधी माझी तपासणी करा," चनबसप्पा सिस्टरला म्हणाला आणि चपला काढून आत निघाला.

"अप्पा, झोपेचं इंजेक्शन घ्या की," बाकावरून त्याची मुलगी राजेश्वरी म्हणाली.

"नको. दोघंबी झोपलो तर तुला घरी कोण न्यायचं?"

दार लागलं. राजेश्वरीच्या मांडीवर शेंगाचटणीची पुडी होती, डॉक्टरांना द्यायला आणलेली. चनबसप्पाच्या चटणीला सोलापुरात नाव होतं. उखळात कुटलेली, लालभडक, कागदाला तेल सुटणारी. ती करणाऱ्यानं मात्र वीस वर्षांत तिचा कण जिभेवर ठेवला नव्हता.

वीस वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याला सूज आली, आत जखमा झाल्या, रक्त पडू लागलं. गोळ्यांनी आराम पडला, पण श्रेय त्यानं पथ्याला दिलं. सगळा दोष चटणीचा, असं त्यानं ठरवून टाकलं आणि चटणी सोडली. रक्त थांबलं तशा गोळ्याही सोडल्या. राजेश्वरी सोळा वर्षांची असताना तिलाही तेच दुखणं निघालं. त्या दिवशी त्यानं घरातली चटणीची बरणी उचलून दुकानात नेऊन ठेवली. "माझ्याकडं बघ," तो तिला सांगायचा, "मला काय झालंय का?"

खरंच काही झालेलं नव्हतं. पोती उचलायचा, चार भाकऱ्या खायचा.

राजेश्वरीच्या दुखण्याला आता आठ वर्षं झाली होती. गोळ्यांवर तीही ठणठणीत होती. पण डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आतड्याचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. असं होता होता कुठंतरी ते चुकीचं भरायला लागतं. कॅन्सर तिथून सुरू होतो. सुरुवातीला ते दुखत नाही, कळत नाही. म्हणून आठ वर्षं झाली की दुर्बीण घालून बघायचं, आणि मग बघत राहायचं. लवकर दिसलं तर काढून टाकता येतं."

हेच त्यांनी चनबसप्पालाही पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा तो हसला होता. "दुखत न्हाय ते उकरायचं कशाला, डॉक्टर?"

स्वतःसाठी न ऐकलेलं त्यानं मुलीसाठी ऐकलं. पण आता मुलगीच ऐकेना.

"तुम्ही कधी तपासणी केली होती? तुम्हाला काय झालं? दुखत नाही ते उकरायचं कशाला?"

"मी केली तर करशील?" चनबसप्पानं विचारलं.

"करीन की."

मग काल दिवसभर दोघं नारळपाण्यावर राहिले. संध्याकाळी पोट साफ व्हायचं औषध प्याले. राजेश्वरीची आई मल्लव्वा दारात उभी राहून म्हणाली, "एक संडास अन् दोन गिऱ्हाईकं! दुकानात कधी एवढी घाई बघितली न्हवती बाई." तिघंही हसली होती.

दार उघडलं. चनबसप्पा बाहेर आला. त्याला बराच वेळ लागला होता. तोंडावर पाणी मारून आला होता, शर्टाची कॉलर भिजली होती.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? टीव्हीवर आपलंच आतडं बघत पडायचं. लई गंमत हाय."

"दुखलं?"

"गुदगुल्या झाल्या. जा अव्वा, जा पोरी."

ती उठेना, तेव्हा त्यानं तिचा हात धरला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडायचा, तसा दारापर्यंत नेऊन सोडला. "पुडी दे हिकडं. मी देतो डॉक्टरांना." दार लागेपर्यंत तो तिथंच उभा होता.

राजेश्वरीला जाग आली तेव्हा डॉक्टर शेजारी स्टुलावर बसले होते.

"एक बारीक गाठ होती. काढली. तपासायला पाठवतोय, पण वेळेत सापडलीय. आता गोळ्या सोडायच्या नाहीत आणि दरवर्षी यायचं."

"आणि अप्पांचं?"

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं.

"त्यांची गाठ मोठी आहे. तुकडा पाठवलाय, स्कॅनही करू. पण मी खोटा धीर देणार नाही. ते जागे होते, पडद्यावर त्यांनीच आधी पाहिली. 'हे किती दिवसांचं?' म्हणाले. मी म्हटलं, काही वर्षं वाढत असेल. मग त्यांनी पडल्या पडल्याच हात जोडले. 'पोरगीचं होईस्तोवर तिला काय बोलू नका. मला झालंय म्हटलं तर भिऊन ती आत यायची न्हाय.'"

राजेश्वरी भिंत धरून बाहेर आली.

चनबसप्पा बाकावर बसला होता. पुडी उघडी होती आणि अर्धी संपली होती. त्याची बोटं लाल झाली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वीस वर्षांत सवय मोडलेल्या जिभेला तिखट सोसत नव्हतं, तरी तो खात होता.

ती शेजारी टेकली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. कागदाच्या कडा जुळवल्या, पुडी नीट बांधली आणि तिच्या हातात दिली.

"आज नको, उद्या खा," तो म्हणाला. "पण खा अव्वा. हिचा काय दोष न्हवता."