काचेतली माशी

"साहेब, बजाबाला तुम्ही मारलंत." चौकशीच्या खोलीत हवालदार सर्जेराव तोंडावर बोलला.

नवी कोरी दुर्बीण रायफलीवर चढवली त्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, काचेच्या आत काळा डाग आहे. साहेबांनी डोळासुद्धा लावला नाही. "पुसून घे. नव्या मालाला नावं ठेवू नकोस."

आतला डाग पुसणार कसा? शेवटी जोडीदार बजाबानं डागाचं बारसंच केलं, नाव ठेवलं 'माशी'. सीमेवरच्या चौकीत बसलं की विचारायचा, "काय गड्या, माशी बसली का जाग्यावर?" हसता हसता सर्जेरावाच्या डोळ्याला तिची सवय झाली.

काल बजाबा कुजबुजला, "समोरच्या दगडापाशी काय हाललं का रं?"

सर्जेरावानं दुर्बिणीतून पाहिलं. "काय नाय. आपली माशीच हाय."

त्या भरवशावर बजाबा उठून उभा राहिला. माशीच्या आडून गोळी आली.

आता साहेब विचारत होते, "तुला शत्रू दिसला कसा नाही?"

सर्जेरावानं ती दुर्बीण त्यांच्या हातात कोंबली आणि खिडकीकडे बोट केलं.

"फाटकाकडं बघा. तिथं पहारेकरी उभा हाय का आपली माशी? सांगा साहेब. बघून सांगा!"