जखमींचा रकाना

पनवेलच्या मोर्च्यावर लाठीमार झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी रुचिरा वही घेऊन खाडीकाठच्या गावात आली.

"मावशी, तुमच्या घरात कुणाला लागलं का?"

कृष्णाबाईंनी तिला खालीवर न्याहाळलं. "पोलिसांची हायस?"

"नाही हो. आम्ही आंदोलनांच्या नोंदी ठेवतो. नाव लिहीत नाही, फक्त गाव आणि आकडा. इंटरनेटवर सगळ्यांना बघता येतं."

"सगल्यांना? मंग पोलिसांना पन?"

रुचिराला खोटं बोलवेना. "हो."

आतून कुणीतरी कण्हलं. कृष्णाबाईंनी पाठीमागचं दार ओढून घेतलं. "आमच्यात कोनाला काय नाय झाला. लिव."

रुचिराने जखमींच्या रकान्यात शून्य लिहिलं. सकाळपासून गावातलं ते अकरावं दार होतं, आणि अकरावं शून्य.