शांत आवाज

रुग्णवाहिका केंद्रातले फोन आवाज शांत करणाऱ्या नव्या यंत्रातून ऑफिसच्या नेटवर्कला जोडल्यापासून रडणारे, ओरडणारे लोकही इकडे शांतच ऐकू यायचे. कर्मचाऱ्यांना ताण नको, म्हणून ही सोय होती. हेमलताला मात्र चैन पडत नव्हतं. आता गाडी एकच उरली होती.

"ताई, बाबा पडलेत. गाडी पाठवता का?" एक मुलगी संथपणे म्हणाली.

हेमलताने नेटवर्कची वायर उपटून फोन जुन्या लाइनवर घेतला. कानात किंकाळी घुसली. तिने गाडी तिकडे पिटाळली आणि शेजारच्या शबानाला विचारलं, "तुझ्या फोनवर कोण आहे?"

"एकाच्या छातीत जरा दुखतंय म्हणे."

हेमलताने तीही वायर काढली. पलीकडे माणूस श्वासासाठी तडफडत होता.

"दादा, दुसरीकडून गाडी मागवतेय. फोन ठेवू नका," ती म्हणाली. आवाजातला कंप तिने लपवला नाही.