आधी नमस्कार

थायलंडमधल्या चियांगमाईच्या बाजारात निवृत्त मास्तरीण लमुनबाई आंबे निवडत होत्या, तेवढ्यात एका धटिंगणानं त्यांची पिशवी हिसकावून धूम ठोकली. आत यजमानांच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. बाईंना ‘चोर, चोर!’ असं ओरडायचं होतं. पण पस्तीस वर्षं शाळेच्या फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांवर डाफरलेलं तोंड ते! त्यातून भलतंच निघालं: “ए, पळतोस कुठं? आधी नमस्कार!” चोराचं डोकं ‘पळ’ म्हणत होतं, पण लहानपणापासून वळण लागलेल्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही. ते जुळले, मान लवली, पिशवी धपकन खाली पडली. “नमस्कार, बाई,” तो पुटपुटला. बाईंनी झडप घालून पिशवी उचलली. मागून धापा टाकत आलेला हवालदारही हात जोडून चोराशेजारी उभा राहिला. बाईंचं तोंड पुन्हा सुटलं: “शाब्बास! पळा आता वर्गात!” चोर एकीकडे पळाला, हवालदार दुसरीकडे.