काशीला लागते ती साडी

भाऊरावांनी दोरीवरची साडी ओढायला हात लांब केला आणि चंद्रप्रकाशने मोबाइल काढला.

“काका, थांबा जरा. व्हिडिओ काढतो. साडी नेसून म्हैस पिळणारे काका! एकदम झकास चालेल.”

“व्हिडिओ नको,” देवेश म्हणाला. बाप लाजेल म्हणून नव्हे. अंधेरीच्या ऑफिसात उद्या आपण कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून.

चंद्रप्रकाश वसईपलीकडच्या एका डेअरीचा मॅनेजर; तो काशीला बघायला आला होता. तबेल्यात आता तेवढी एकच म्हैस उरली होती. बाकीच्या गेल्या. शेजारचे तबेलेही गेले. दिंडोशीच्या या तुकड्यावर टॉवर येणार होता आणि त्याच्या फलकावर बिल्डरने हिरव्यागार कुरणात चरणारी परदेशी गाय छापली होती. त्या गायीसाठी खऱ्या म्हशीने जागा खाली करायची होती. तबेला रिकामा झाल्याशिवाय बदली फ्लॅटची चावी मिळणार नव्हती. तोवर देवेश, अपूर्वा आणि त्यांच्या दोन मुली भाड्याच्या एका खोलीत, आणि म्हातारा इथे, पेंडीच्या पोत्यांशेजारी.

काशी विकली जात नव्हती याचं कारण ती साडी.

बाकीच्या म्हशी गडी पिळत. काशीला फक्त मालनबाईंचा, भाऊरावांच्या बायकोचा, हात चाले. गणपतीत मालनबाई वारल्या आणि काशीने दूध चोरलं, थेंब देईना. चुचकारून झालं, गूळ झाला, पेंड झाली, शिव्याही झाल्या. शेवटी भाऊरावांनी बायकोची जांभळी सुती साडी अंगाला गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि खाली बसले. काशीने पान्हा सोडला. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ हाच वेष. साडी धुवायची नाही, हा सक्त नियम. धुतली की वास जाणार, वास गेला की म्हैस आटणार.

वास म्हटलं की देवेशच्या कपाळावर आठी यायची. शाळेआधी सायकलवरून दुधाचे कॅन पोचवले, की वर्गातली पोरं नाकं धरत. आजही ऑफिसात लिफ्टमध्ये कोणी शिंकलं तरी तो आधी स्वतःची बाही हुंगायचा. पण जनावराच्या स्वभावापुढे इलाज नव्हता. याआधीची गिऱ्हाइकं साडीचं नाव ऐकून हसत परत गेली होती. त्यांना वाटेला लावताना म्हातारा जरा जास्तच अदबीने बोलायचा, एवढं मात्र देवेशच्या लक्षात आलं होतं.

“साडयेशिवाय ती दूध देवची नाय,” भाऊराव आता चंद्रप्रकाशला सांगत होते. “तुमका फुकटचो ताप. दुसरी बघा.”

“त्यात काय काका? साडीसकट द्या. आमचा गडी नेसेल. त्याला काय, लुंगी काय नि साडी काय.”

भाऊरावांचा हात दोरीवरच राहिला.

देवेशला वाटलं, सुटलो. एक जुनं लुगडं गेलं तर गेलं. आवराआवर व्हावी म्हणून त्याने कोपऱ्यातली बादली उचलली. कडी खणकन वाजली. काशीने कान टवकारले, मागचे पाय फाकवले. तिच्या सडातून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

साडी अजून दोरीवर होती.

चंद्रप्रकाश मोबाइलवर टेम्पोवाल्याला रस्ता समजावत होता. देवेशने वर पाहिलं. बाप त्याच्याचकडे बघत होता. भाऊराव एक पाऊल पुढे सरकले आणि त्या ओल्या जागेवर पाय देऊन उभे राहिले. कप फोडलेलं पोर कपाटासमोर उभं राहतं, तसे.

देवेश गप्प बसला असता तर म्हैस गेली असती, साडी गेली असती, आणि म्हाताऱ्याची लाज राहिली असती.

“साडी लागत नाही तिला,” तो म्हणाला. “बादली वाजवली की पुरे. बसा तुम्ही.”

चंद्रप्रकाश बसला. अनोळखी हात, अनोळखी शर्ट, वर अत्तराचा भपका. काशीने बादली भरायला घेतली.

“अरेच्चा!” तो खाली बसूनच हसला. “मग काका इतके दिवस साडी कोणासाठी नेसत होते?”

भाऊरावांनी दोरीवरची साडी काढून तिची घडी घालायला घेतली. धारांचा आवाज तेवढा येत राहिला.

दुपारी टेम्पो आला. काशी न ओरडता चढली. तिला निरोपबिरोप द्यायची सवय नव्हती. भाऊराव पेंडीच्या पोत्यावर बसून होते. साडीची घडी मांडीवर, दोन्ही हात घडीवर. टेम्पो गेला त्या दिशेला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

देवेश शेजारी बसला. साडीला शेणाचा वास होता, पेंडीचा होता, आणि या दोन्हींच्या खाली खोबरेल तेलाचा, थोडासाच. त्याने नाक धरलं नाही. फोन काढून घरी लावला.

“अपूर्वा, बाबांना घेऊन येतोय. सोबत आईची एक साडी आहे. मळलेली दिसेल, पण मशीनमध्ये टाकू नकोस हं. ती धुवायची नाही.”