तापाची डॉक्टर

इरा सुट्टीला झाशीत येऊन दोन दिवस झाले होते, पण तापाने फणफणलेल्या आजीची साधी नाडी बघायला ती तयार नव्हती. अनुसूयाबाईंना तापापेक्षा त्याचाच संताप जास्त. "मी तापावर पीएचडी करतेय," असं इरानेच फोनवर सांगितलं होतं आणि आपली नात तापाची डॉक्टर होणार म्हणून बाईंनी सदर बाजारभर मिरवून घेतलं होतं. आता शेजारच्या सक्सेनाभाभी नातीचा इलाज बघायला खास उशाशी येऊन बसल्या होत्या.

"आजी, माझा ताप मतलब गर्मी गं, हिंदीतला," बॅगेतून तारा जोडलेली एक चकती काढत इरा हळूच म्हणाली. "एक बाजू गरम, दुसरी थंड असली, की ह्या चकतीतून बिजली बनते."

तिने ती चकती आजीच्या कपाळावर ठेवली, वर बर्फाचा खडा ठेवला. तारेला जोडलेला इवलासा दिवा खरंच मिणमिणला. भाभींनी हात जोडले.

अनुसूयाबाईंनी आधी दिव्याकडे बघितलं, मग नातीकडे.


"पन्नास वर्षं ह्या घरात सगळ्यांच्या डोक्याला ताप देतेय मी. तू जरा लवकर जन्मली असतीस, तर झाशीची लाइट कधी गेलीच नसती."