बरोबर आलेलं उत्तर

"बघा, ही अक्कल बघा," उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटत प्राध्यापक म्हणाले. "गुणाकाराचं विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढताना पहिलं पद तसंच ठेवून दुसऱ्याचं विकलन करायचं, मग दुसरं तसंच ठेवून पहिल्याचं, आणि दोन्हींची बेरीज. एवढा साधा नियम. पोरांनी सरळ दोन विकलनं काढली आणि एकमेकांत गुणून टाकली. आणि गंमत म्हणजे उत्तर बरोबर."

परीक्षा मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला. प्रश्नात e²ˣ ला e²ˣ नेच गुणलं होतं. नियमाने 4e⁴ˣ येत होतं, आणि पोरांच्या अडाणी रीतीनेही तेच.

"लाखात एखादा गुणाकार असा निघतो, आणि या शहाण्याने नेमका तोच दिला. कोण हा गाढव?"

"पेपर काढणाऱ्याचं नाव गुप्त असतं, अध्यक्षाखेरीज कोणाला कळत नाही," बाई म्हणाल्या. "जुने पेपर कपाटात पडून असतात, त्यातला एक आपण उचलतो. तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक नसायला काय झालं? प्राध्यापकांनी स्वतः कितीतरी पेपर काढून दिले होते, तेही जेवता जेवता. इतरांसारखं डोकं खाजवत बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

समोर मंडळातला तरुण सहकारी मान खाली घालून बसला होता. पुढच्या महिन्यात बाई निवृत्त होणार, आणि त्यांच्या खुर्चीसाठी नावं दोनच होती. एक प्राध्यापकांचं, दुसरं या कालच्या पोराचं.

"सर, जाऊ द्या ना. माणूस आहे, चुकतो," तो पुटपुटला.

चोराच्या मनात चांदणं. प्राध्यापकांना आतून गुदगुल्या झाल्या.

"चुकतो? ज्याला गुणाकाराचा नियम धड कळत नाही, त्याने गुरं वळावीत. ठराव लिहा. पेपर काढणारा जो कोणी असेल, तो मंडळातून कायमचा बाद."

"ताकीद दिली तरी भागेल," बाई म्हणाल्या.

"अजिबात नाही."

"सही झाली की ठराव मागे घेता येत नाही, सर. बघा हं."

"बघायचंय काय त्यात? आणा इकडे."

त्यांनी सगळ्यांत आधी सही ठोकली, चांगली लांबलचक, खाली दोन रेघा ओढून. तरुणाने कशीबशी केली. शेवटी बाईंनी केली.

मग पेनाला टोपण लावून त्या तरुणाकडे वळल्या. "पुढच्या महिन्यापासून ही खुर्ची तुम्ही सांभाळा. पेपर सरांचा होता."